अच्छाडच्या बाकावरचं इंग्रजी

जमनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी उभी होते आणि माझ्या हातात दोन दाखले होते. एक माझा, एक तिचा. दोन्हींवर कॉलेज सोडण्याचं कारण एकच, 'पुढील शिक्षणासाठी'. तिचे यजमान रमणभाऊजी फोनवर एवढंच म्हणाले, "तुझी ताई गेली गं." मी "बरं" म्हणाले. रजिस्टरमध्ये दोन सह्या केल्या, क्लार्कचं पेन परत दिलं आणि बसस्टँडवर येऊन बसले... त्याला आता सात आठवडे झाले. आई म्हणते, "रड गो, मोकळी हो." पण रडू येतच नाही, त्याला मी काय करू?

मी डहाणूची, बोंबील सुकवणाऱ्या घरातली. ती तलासरीकडच्या पाड्यावरची, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, आणि गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या चेकपोस्टजवळ नवऱ्याबरोबर चहाची टपरी चालवणारी. बी.ए.च्या पहिल्या दिवशी मी उशिरा पोचले आणि तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. सरांनी प्रत्येकाला इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितली. आम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. ताई उठली आणि म्हणाली, "मी जमना. टी शॉप, अच्छाड. ब्रदर, यू टेल, युवर व्हिलेज व्हेअर?" वर्ग हसून लोळला. सरांना ब्रदर म्हणणारी विद्यार्थिनी कोणी पाहिलीच नव्हती. मीही हसले. घरी जाताना मात्र लक्षात आलं की त्या तासाला इंग्रजीत खरोखर बोलली ती एकटीच.

हे इंग्रजी तिला ट्रकवाल्यांनी दिलं होतं. दक्षिणेकडच्या ड्रायव्हरांना हिंदी धड येत नसे, तिला त्यांची भाषा येत नसे. मग दोन्ही बाजूंनी मोडकंतोडकं इंग्रजी. गाड्या रांगेत तासन् तास उभ्या, त्यामुळे वेळच वेळ. दर शनिवारी ती मला टपरीवर न्यायची, बाकावर आपल्या शेजारी बसवायची, माझं गाइड काढून घ्यायची आणि म्हणायची, "त्या निळ्या ट्रकवाल्याला विचार, गावाकडं घरी कोण कोण आहे." मी तिच्या मागे सरकायचे. ती हसायची. "त्याला पण येत नाही, मला पण येत नाही, तुला पण येत नाही. मग घाबरायचं कोणाला?" व्याकरण मी तिला शिकवलं हे खरं. बोलायला तिने मला शिकवलं.

दोघींनी मुंबईला युनिव्हर्सिटीत जायचं, एम.ए. करायचं, हॉस्टेलला एकाच खोलीत राहायचं, हे दुसऱ्या वर्षीच ठरलं होतं. ती परत येऊन आश्रमशाळेत इंग्रजी शिकवणार होती. भाऊजी एकटे टपरी सांभाळायला तयार होते. शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत तिचे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरकडे चल." ती म्हणाली, "तीन पेपर राहिलेत. होऊ दे ना." आणि मी गप्प बसले. मलाही ते पेपर हवे होते, ती माझ्या शेजारी हवी होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते आहे. पेपर संपले तेव्हा तिला धरून बसमध्ये चढवावं लागलं. पुढे महिनाभर दवाखाना. पास झाल्याचं तिला तिथे खाटेवर कळलं. "आता तू दाखले काढून आण," म्हणाली. तेच आणायला मी गेले होते.

गेल्या शनिवारी तिचा दाखला द्यायला टपरीवर गेले. भाऊजींनी कागद उलटसुलट पाहिला आणि साखरेच्या डब्याखाली नीट ठेवला. तेवढ्यात एक केरळचा ड्रायव्हर आला. बाकावर बसला, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर व्हेअर?" भाऊजींना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात काही जुळवलं नाही, तोंडातून आपोआप गेलं, "सिस्टर वेंट टू युनिव्हर्सिटी." त्याचा चेहरा फुलला. "गुड, व्हेरी गुड," म्हणत गाडीतून केळ्याच्या वेफर्सचं पाकीट आणलं, तिच्यासाठी म्हणून दिलं, चहा प्यायला आणि गेला.

"काय विचारत होता?" भाऊजी म्हणाले.

"ताई कुठे आहे म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. त्यांनी चहाचं भांडं खाली उतरवलं. मला वाटलं आता रागावतील... मग फडक्याला हात पुसून ते माझ्या शेजारी बाकावर, तिच्या जागी, येऊन बसले.

"ते मला शिकव," म्हणाले. "अजून पुष्कळ जण विचारतील."

मी एकेक शब्द सांगत गेले, ते मागून म्हणत गेले. चौथ्यांदा त्यांना ते वाक्य न अडखळता जमलं.