चार कॅन जास्तीचे

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. बस डेपोत चौतीस वर्षं गाड्यांखाली काढली. उभं आयुष्य आडवं पडून गेलं, असं मीच चिडवते. रिटायर झाल्यावर निवांत बसतील म्हटलं, तर मोडीत निघालेली एक बस घेऊन आले. तिच्यात ओटा, पलंग, न्हाणीघर बसवलं आणि म्हणाले, "चल, आता घरच फिरवू." तेव्हापासून वर्षाचे आठ महिने आम्ही त्या बसमध्येच राहतो.

गाडीचं ऑइल बदलायचं म्हणजे मात्र शिक्षा होती. जुनं ऑइल सोडायचा नट नेमका एका आडव्या लोखंडी पट्टीच्या वर. नट सैल केला की गरम ऑइल पट्टीवर आपटायचं आणि तिथून ह्यांच्या तोंडावर. पुढचे दोन दिवस पाठ धरून बसायचे. गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडीखाली जायला साफ मनाई केली. गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे द्या म्हटलं, तर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग महिनाभर डोकं लावून नटाच्या जागी पितळी नळासारखा कॉक बसवला. त्याला जाड रबरी पाइप जोडून तो बाजूच्या सामानाच्या कप्प्यापर्यंत आणला. फिल्टरही तिथेच हलवला. ऑइल भरायला हातपंप लावला. कॅनमध्ये नळी सोडायची आणि दांडा मारायचा, झालं. सगळं उभ्या उभ्या. मलाही शिकवलं. "चार कॅन, बास. उद्या मी नसलो तरी तुझं अडणार नाही." हे बोलणं मला आवडलं नाही, पण शिकले.

एक डेपोतली सवय ह्यांनी सोडलेली नाही. ऑइल काढलं की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, म्हणजे कोणी रिकामं इंजिन सुरू करणार नाही.

लेकीकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी ऑइल बदललं. मी तेव्हा कपडे धुवायला गेले होते. सकाळी हे फिरायला गेले आणि मी पुढची काच पुसायला चढले, तर फडकं तसंच. कप्पा उघडला, तर आत चार कॅन सीलबंद. भरायचं विसरले!

सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी स्वतःच्याच दाराची बेल वाजवून विचारायचे, "इथे कोण राहतं हो?" हे त्यांना हात धरून आत आणायचे आणि मला चहा ठेवायला सांगायचे.

ह्यांना कळू नये म्हणून मी चारही कॅन इंजिनात रिकामे केले, फडकं सोडलं आणि चहा ठेवला. मोठी शहाणी मी.

हे आले, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, पुसून पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. मग कप्प्यात डोकावले. नंतर पायरीवर येऊन बसले ते बसलेच.

"अहो, चहा."

"अगं, मी काल ऑइल भरलं. नक्की भरलं. पण आत दुप्पट आहे."

आता मीच चक्रावले. ह्यांनी भरलं असेल, तर मी ओतले ते कॅन कुठले? "आणलेच चार होते ना?" मी विचारलं.

"आठ आणले होते. चार पुढच्या वेळचे. कालचे चार रिकामे मी तेव्हाच कचऱ्यात टाकले, आणि आता हे चारही रिकामे आहेत." हे आपल्या हातांकडे बघत होते. "पूर्वी पाठच सांगायची, काम झालं म्हणून. आता काही दुखत नाही, काही कळत नाही. दोनदा भरलं मी. फडकंही सोडलं असणार, तेही आठवत नाही. ऑइल खाली उतरल्यावर सकाळी मोजायचं, मग फडकं सोडायचं, असं ठरवून ठेवलं होतं."

म्हणजे हे काहीच विसरले नव्हते. सांगावं, तर मी ह्यांना काय समजले ते कळणार. न सांगावं, तर हे स्वतःलाच विसराळू समजणार. आड आणि विहीर दोन्ही माझ्याच हातची.

तेवढ्यात ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "लेकीला कळव, आम्ही येत नाही. तिची दोन पोरं मी ह्या गाडीत बसवणार नाही. बाबांचं झालं तेच माझं सुरू झालंय."

"मी भरलं," मी म्हणाले. "सकाळी. फडकंही मीच सोडलं. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

ह्यांनी मान वर केली. चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"अगं, बाबांनाही आम्ही असंच काही विचारायचो नाही," हे म्हणाले. "त्यांना वाईट वाटू नये म्हणून."