मास्तरांनी बघितलेलं कोर्दोबा

"पुढं सरका. मागं माणसं हायत."

हे म्हणायच्या आधी मास्तर दोनदा टकटक करायचे. हातात तिकिटं टोचायचा चिमटा असला तर चिमट्यानं, नसला तर किल्लीनं, तीही नसली तर बोटातल्या तांब्याच्या अंगठीनं. समोर गाडीतला दांडा असो, देवळाच्या रांगेतला कठडा असो, नाहीतर लग्नाच्या मांडवाचा खांब असो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती टकटक गेली नव्हती. गल्लीतल्या एका मयताच्या वेळी लोक स्मशानाच्या फाटकातच घोटाळले. मास्तरांनी फाटकावर टकटक केलं आणि सगळे मुकाट्यानं आत गेले. ज्याचे वडील वारले होते तोच नंतर म्हणाला, की आमचे अण्णा उठून बसले असते तर तेही सरकले असते.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असणार. ते असेपर्यंत त्याचा वैताग येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. मला शाळेत सात-आठ मास्तर होते, पण माझ्यावर ज्यांचा इलाज चालला ते हे लाल गाडीतले. नववीत कोल्हापूरच्या शाळेनं मला नमस्कार केला, म्हणून वडिलांनी हातकणंगल्याच्या शाळेत घातलं. तिथले हेडमास्तर मामांच्या ओळखीचे होते. रोज सकाळी आई मला मास्तरांच्या गाडीत बसवून द्यायची. पास काढलेला, दप्तर भरलेलं, डोक्याला तेल. गाडी हातकणंगल्याला पोचायची आणि मी उतरायचोच नाही. त्याच गाडीनं परत, पुन्हा तिकडं, पुन्हा परत. दोन महिने मी असं शिक्षण घेतलं. त्या रस्त्यावरचं प्रत्येक झाड मला पाठ होतं. बीजगणित सोडून सगळं पाठ होतं.

मास्तरांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते फक्त शेवटी जवळ येऊन म्हणायचे, "शेवटचा स्टॉप आला. आता?" मी खिडकीबाहेर बघायचो. ते पुढं जायचे, सीटखाली कुणाचं काही राहिलंय का बघत. गाडी रिकामी झाल्यावर प्रत्येक सीटखाली वाकून बघायची त्यांची पद्धत होती. छत्री, डबा, एकदा तर एक कोंबडी सापडली होती. आणि रोज मी.

दोन महिन्यांनी एक दिवस ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "घरात तू सांगणार का मी?" मी रडायला लागलो. ते म्हणाले, "बरं. मी न्हाय सांगणार. माझं काम तिकीट फाडायचं. पण पास महिनाअखेरीला संपतोय, एवढं ध्यानात ठेव." पास संपायच्या आदल्या दिवशी मी घरात सांगितलं. वडिलांनी जे केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळा मात्र कायमची सुटली.

मास्तरांची आणखी एक खोड होती. त्यांना माणसाचं तोंड आठवायचं नाही, हात आठवायचा. "गर्दीत तोंड कुठं दिसतंय? हातच पुढं येतोय," असं ते म्हणायचे. नोट धरलेला हात बघून ते सांगायचे, की हा गवंडी, ही शाळेतली बाई, हा नुसता बसून खाणारा. आम्ही हसायचो. चुकलेले कधी बघितले नाहीत, पण हसायचो.

पुढं मी कामाच्या मागं पुण्याला, तिथून दुबईला आणि तिथून फिरत फिरत स्पेनमधल्या कोर्दोबा नावाच्या जुन्या शहरात आलो. एका हॉटेलच्या भटारखान्यात लागलो. घरी सांगितलं, शेफ आहे. आईनं गल्लीत पेढे वाटले. मग पुराव्याला एक फोटोही पाठवला, उंच पांढरी टोपी घातलेला. ती टोपी खऱ्या आचाऱ्याची होती आणि मी ती चार मिनिटं घातली होती. पाचव्या मिनिटाला त्यानं ती मागून घेतली आणि मी परत पातेली घासायला गेलो. तो फोटो आमच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारी आहे. सहा वर्षं मी त्या टोपीखालून बाहेर आलो नव्हतो.

अशात एक दिवस आईचा फोन आला. मास्तर तिकडं येणार आहेत.

झालं असं, की दिवाळीत मास्तरांनी मिक्सर घेतला आणि त्या दुकानाच्या सोडतीत त्यांना परदेश सहल लागली. एका माणसाची. आता मिक्सर दोघांचा आणि सहल एकाची हा हिशेब त्या दुकानदारालाच माहीत. मास्तरांच्या घरातून फारसा विरोध झाला नाही. काकू म्हणाल्या, "जावा. चार दिवस मला सरका म्हणणारं कोण असणार न्हाय."

आई आनंदात होती. मास्तर तुझं हॉटेल बघून येतील, तुझ्या हातचं जेवून येतील आणि गल्लीत सगळ्यांना सांगतील, असं तिचं ठरलं होतं. मी त्या रात्री झोपलो नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी गावाकडचं माणूस येणार होतं आणि ते नेमकं हे.

स्टँडवर उतरवून घ्यायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मास्तर उतरले. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, पायात करकरणाऱ्या नव्या कोल्हापुरी. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझा हात धरून उठवलं. धरलेला हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. खोटी नोट नाही ना, हे बघून परत द्यावी तसा. मी हात खिशात घातला. तो पुढचे तीन दिवस शक्यतो बाहेर काढला नाही.

"मी काय हौसेनं आलो न्हाय," ते म्हणाले. "दुकानदारानं पाठवलं. आता आलोयच तर दाखीव, शेफसाहेब."

शेफसाहेब. तीन दिवसांत त्यांनी मला निदान शंभर वेळा शेफसाहेब म्हटलं. 

त्यांना एकट्यानंच फिरायचं होतं. सोडत एका माणसाची लागलीय, दुसऱ्यानं बघणं नियमात बसत नाही, असं ते म्हणाले. त्यामुळं ते पुढं आणि मी वीस पावलं मागं, अशी आमची सहल निघाली. मधेच मागं वळून ते शेरा मारायचे.

इथं नदीवर दगडी कमानींचा फार जुना पूल आहे. जगातून लोक बघायला येतात. मास्तर पुलाच्या मधोमध उभे राहिले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पूल बरा हाय. पण खाली म्हशी न्हाईत." त्यानंतर मलाही तो पूल अर्धवट वाटायला लागला. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला म्हशी नसलेली नदी दाखवायची म्हणजे त्याचा अपमानच.

ऊन तर असं होतं की भिंतींना हात लावला तर पोळावा. मास्तर टोपीनं वारा घेत म्हणाले, "एवढ्या लांब येऊन उन्हाळाच बघायचा होता, तर सोलापूर काय वाईट होतं?"

दुपारी दुसऱ्याच एका हॉटेलात टोमॅटोची थंड आमटी आली. इथं ती थंडच खातात, हे मी सांगून बघितलं. मास्तरांनी वाटीला हात लावला आणि वेटरकडं बघून म्हणाले, "त्याला म्हणावं, आमटी गार झालीया. आमच्यामुळं उशीर झाला, त्याचा दोष न्हाय." वेटरनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. शेवटी ती आमटी गरम होऊन आली. मास्तरांनी पिशवीतून कांदा-लसणाची चटणी काढली, दोन चमचे टाकली आणि म्हणाले, आता कुठं आमटीत जीव आला. वेटरनं चाखून बघितली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं आणखी एक चमचा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती खांबांची प्रसिद्ध इमारत. आत बघावं तिकडं खांब आणि वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. मी सांगितलं, ही आधी मशीद होती, नंतर चर्च झालं. "म्हंजे दोन देव राहून गेलेत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दारातच चपला काढल्या. इथं कुणी काढत नाही, म्हटलं. ते म्हणाले, कुणी काढत न्हाय म्हणून मी घालायच्या का? आणि अनवाणी आत गेले. खांब त्यांनी मोजायला घेतले, गाडीत माणसं मोजतात तसे, बोट न दाखवता, नुसती मान हलवून. दोनशेच्या पुढं गेल्यावर एका पाहुण्या बाईनं त्यांचा फोटो काढला आणि आकडा चुकला. मास्तर पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर आलो तर चपला गायब. त्या सापडल्या पहारेकऱ्यांच्या टेबलावर. दोन पहारेकरी त्यांच्याभोवती गंभीर होऊन उभे होते. चपला इथं आहेत म्हणजे माणूस कुठंतरी हरवला असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. मास्तरांनी चपला पायात घातल्या, दोनदा करकर वाजवून दाखवल्या आणि "गावलो," असं मराठीतच सांगितलं.

खरा अभ्यास त्यांनी केला तो इथल्या सिटी बसचा. बसला कंडक्टर नाही हे बघून त्यांचा चेहरा पडला. माणसं पुढच्या दाराशी घोळका करून उभी, मागं अर्धी गाडी मोकळी. मी मनात म्हटलं, नको. पण अंगठी दांड्यावर वाजलीच. टकटक. "पुढं सरका. मागं माणसं हायत." आणि काय सांगू, सगळी गाडी सरकली. त्या माणसांना एक अक्षर कळलं नव्हतं. ड्रायव्हरनं आरशातून अंगठा दाखवला. मास्तर म्हणाले, "ड्रायव्हर गुणाचा हाय. पण बिचारा एकटा. असा संसार व्हत न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते विचारलं, ज्याची मी तीन दिवस वाट बघत होतो. "शेफसाहेब, हाटेल कवा दाखवतोयास?"

मी म्हणालो, बंद आहे. दुरुस्ती चाललीय. मालक बाहेरगावी आहे. तिन्ही कारणं एकाच दमात दिली. त्यातलं एकच दिलं असतं तर कदाचित खपलं असतं. मास्तर म्हणाले, "बंद असंल." आणि पांढऱ्या भिंतींच्या एका बोळात शिरले, जिथं भिंतीवर उंचापर्यंत कुंड्या टांगलेल्या असतात. एक म्हातारी लांब काठीला डबा बांधून वरच्या कुंडीला पाणी घालत होती. मास्तर तिथं पाऊण तास उभे राहिले. सगळ्या कोर्दोब्यात त्यांनी टोमणा न मारता बघितलेली ही एकच गोष्ट. शेवटी त्यांनी तिच्या हातातली काठी घेतली आणि पाच-सहा कुंड्यांना पाणी घातलं. निम्मं स्वतःच्या टोपीवर.

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. बाकावर दोघं बसलो होतो. मास्तर समोर बघत म्हणाले, "आचाऱ्याच्या हाताला भाजल्याचं डाग असत्यात. बोटाला सुरीची खूण असती. तुझं हात पाण्यातलं हायत, लेका. नखाच्या कडा फुटल्यात."

 हात खिशातच होते. तीन दिवस त्यांना सगळं माहीत होतं आणि तीन दिवस मी शेफसाहेब होतो.

"मास्तर, आईला—"

"घरात तू सांगणार का मी?"

मी मान खाली घातली. चाळिशीला आलेला माणूस, पण नववीतलाच.

"बरं," ते म्हणाले. "मी न्हाय सांगणार. माझं काम स्टॉपपर्यंत सोडायचं तेवढं." मग पिशवी उचलत म्हणाले, "भांडी घासतोस त्यात काय चोरी हाय व्हय? टोपी तेवढी दुसऱ्याची."

गाडीत ते मागच्या दाराशेजारी बसले. बसायच्या आधी सीटखाली वाकून बघितलं. मग काचेवर अंगठीनं दोनदा टकटक केलं आणि गाडी सुटली. ड्रायव्हरला ऐकू गेलं असेल असं नाही, पण सुटली.

कोल्हापुरात मास्तर काय बोलतात याची मी धास्ती घेऊन बसलो होतो. आईचा फोन आला. ती म्हणाली, मास्तरांनी एवढंच सांगितलं, की पूल बरा हाय, आमटी गार हाय, पोरगं बरं हाय. बाकी काही नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मला जरा वाईटही वाटलं, का ते कळलं नाही.

थंडी पडल्यावर आईचं पार्सल आलं. चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि कागदात गुंडाळलेला कोकम तेलाचा गोळा. गावाकडं फुटलेल्या हातापायांना लावतात तो. चिठ्ठी नव्हती. थंडी आहे म्हणून पाठवला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मग परवा सकाळी आईचा फोन आला. मास्तर गेले. तिकडं दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. काकू दारात बसल्यात आणि येणाऱ्या माणसांना आत सरका म्हणतायत. आई रडत रडत बोलत होती आणि बोलता बोलता म्हणाली, की त्या दुकानदारानं मास्तरांना तीन गावं सांगितली होती, दुबई, सिंगापूर नाहीतर तुझं ते. दुबईला त्यांच्या भाच्याचं घर होतं. सगळी गल्ली दुबई म्हणत होती. मास्तर म्हणाले, तिकडं आपलं एक पोरगं उतरायचं राहिलंय.

फोन ठेवून मी कामाला निघालो. बस भरलेली. पुढच्या दाराशी घोळका आणि मागं सगळं मोकळं. कुणी टकटक केलं नाही, कुणी सरकलं नाही. माझ्या हॉटेलचा स्टॉप आला आणि गेला. मी उतरलो नाही. गाडी रिकामी होत होत शेवटच्या स्टॉपला थांबली. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं.

मी तिथंच बसून आईला फोन लावला.

"आई, मी आचारी न्हाय. मी भांडी घासतो."

 तिनं विचारलं, "तेल हाय का संपलं?"