सूर्याने साफ केलेली वाट

फोन शाळेत आला. मी कुडाळला सहावीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसताच हात चोळत उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. पलीकडून चुलतभाऊ बाबी बोलत होता. "आक्का, सूर्या गेलो गो... त्या मशीनान घात केल्यान," एवढंच म्हणाला. सूर्या म्हणजे सूर्यकांत, माझ्या पाठचा भाऊ. मालवणच्या एसटीत मी रडले कमी आणि चिडले जास्त, तेही सूर्यावरच. म्हटलं, मेल्या, उभ्या जगाला सावध राहायला शिकवत होतास आणि शेवटी स्वतःच कापून घेतलंस ना! घरी पोचले तेव्हा त्याला पडवीत निजवला होता. मी आधी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. सगळी बोटं जागच्या जागी. हातांवर, पायांवर कुठे साधा ओरखडा नाही. मग मशीननं घात केला तो कसा? गेले कित्येक आठवडे गावात, बाजारात, एसटी स्टँडवर हेच वाक्य ऐकते आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सूर्या बोटीवर इंजिन खात्यात होता. कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमारास गेला आणि बरीच वर्षं समुद्रावर काढली. तिथला एक नियम त्याच्या हाडीमांसी खिळला होता. यंत्राला हात लावायचा तर आधी त्याचा फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचा, दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचा नाही. बोटीवरून परतणारे लोक टीव्ही आणतात, अत्तरं आणतात. आमच्या शहाण्यानं आणली बॅटरीवर चालणारी झाडं कापायची करवत. पुढच्या पात्याला साखळी, साखळीला दात. मशीन पडवीतल्या खुंटीला आणि बॅटरी देवघराच्या फळीवर, दोघांची भेट फक्त झाडाखाली. मी एकदा म्हटलं, अरे, बटण बंद आहे ना, मग एवढं काय? तर म्हणाला, "आक्का, बॅटरी माझ्या खिशात आसा तेवाच मशीन बंद. नायतर तां निजलेला आसा, मेलेला नाय."

करवत चालवायला निघाला की डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, जाड पँट, पायात बोटीवरचे बूट. गुडघ्यावर पंचा खोचून झाडावर चढणारं आमचं गाव, त्याला हसायला काय कमी पडतंय? "रे सूर्या, खंय चंद्रावर चललस?" हे रोजचंच. तोही काही गरीब गाय नव्हता. शेजारच्यानं शिडीवर चढून फांदी काप म्हटलं तर फाडकन सांगायचा, "शिडी आणि ह्यां मशीन, दोघांचा लगीन मी लावचंय नाय. तुका होया तर तू चढ." दोन्ही हातांनी धरायचं, खांद्याच्या वर न्यायचं नाही, टोकानं कापायचं नाही, टोक लागलं तर मशीन उसळून तोंडावर येतं... हे सगळं त्यानं शैलालाही, म्हणजे आपल्या बायकोलाही, पाठ करायला लावलं होतं. त्याला भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची होती. पेट्रोलची करवत भुंकते, माणसं आपोआप लांब पळतात. ही बोटाचा दाब सुटला की गप्प. "आवाज नाय म्हणान भय नाय," तो म्हणायचा, "लोक अगदी कुशीत येवन उभे रवतत."

आमच्या घरामागच्या बांधावर एक फणस होता. सामायिक. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर जेवढी नावं चढली, तेवढे त्याचे मालक. पावसात तो तात्यांच्या, म्हणजे आमच्या धाकट्या काकांच्या, छपरावर कलला. कापायला हवा यावर सगळ्यांचं एकमत झालं, हेच मोठं नवल. पण फणसाचं लाकूड म्हणजे भाऊबंदांच्या जिवातला जीव. कोण किती नेतो, ओंडका कुणाच्या हद्दीत पडतो, हे जो तो आपल्या डोळ्यांनी बघणार. लांब उभं राहिलं तर दिसायचं कसं? सूर्यानं आदल्या संध्याकाळी कोयता घेऊन झाडाच्या मागच्या बाजूला तिरकी वाट साफ केली. काटे, करवंदीची जाळी, सगळं छाटलं. दोन्ही कडांना सुंभ बांधलं. झाड हललं की मशीन टाकून त्यानं याच वाटेनं निघायचं होतं.

पुढचं शैलानं मागच्या पडवीतून पाहिलं. तिनं सांगितलं तेच सांगते. सकाळी नारळ ठेवून तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज ह्या फणसाक हात घालतत, कोणाच्या केसाक धक्को लागा नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले. आणि मग तात्यांनी खुर्ची आणून नेमकी त्या साफ केलेल्या वाटेत मांडली! बाकी सगळीकडे रान, हीच तेवढी बसण्याजोगी जागा. बुंध्याला खाच घेऊन होताच सूर्याला ते दिसलं. त्यानं मशीन थांबवलं, बॅटरी काढून खिशात घातली. "तात्यानू, खुर्ची थंयसून उचला. ती वाट माका होयी." तात्या हसले. "रे, तुझा मशीन मुका. माका काय करतला? हयसून माका सगळा बरा दिसता." त्यानं पुन्हा सांगितलं, हात जोडले. तात्या हलले तर बाबी पुढे सरकणार, बाबी हलला तर आणखी कोणी... कोणीच हललं नाही. सूर्या काम सोडून घरी येऊ शकला असता. पण छपरावर झाड लटकलेलं, खाच घेऊन झालेली, वाऱ्याचा भरवसा नाही. त्यानं बॅटरी परत लावली.

झाड कडकडलं आणि पडता पडता फिरलं. सूर्यानं मशीन टाकलं, वळला. समोर खुर्ची. खुर्चीत तात्या, तोंड उघडं टाकून वर बघत. त्यानं दोन्ही हातांनी तात्यांना खुर्चीसकट बाजूला लोटलं. तेवढ्यात फांदी आली.

तात्यांचा गुडघा खरचटला. "मशीनान घात केल्यान" हे गावभर सांगणारे पहिले तेच. लाज वाटत असेल म्हणून म्हणत असतील, असं लोक मला समजावतात. वाटू दे की! पण स्वतःच्या लाजेपोटी माझ्या भावाला बेफिकीर ठरवायचा हक्क त्यांना कोणी दिला? त्याला उचलून गाडीत घातल्यावर शैला एकटी झाडाजवळ परत गेली. पाल्यातून मशीन शोधलं, बॅटरी काढली आणि कमरेला खोचली. ती अजून देवघराच्या फळीवर आहे. परवा बाबी ओंडका कापायला मशीन मागायला आला. शैलानं खुंटीवरचं मशीन काढून त्याच्या हातात दिलं. "वयनी, आणि बॅटरी?" "ती नाय मिळाची," ती म्हणाली आणि आत गेली. मशीन त्यानं ओट्यावर ठेवलं.

ओंडका तसाच पडून आहे. वाटणी ठरत नाही. कोणी हळूच नेऊ नये म्हणून राखण चालते आणि राखणीला तात्या बसतात. कुठे? त्याच वाटेत, त्याच खुर्चीत, चहाचा कप घेऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "तात्यानू, ही जागा सूर्यान तुमका बसाक साफ करूक नाय." त्यांनी चहाचा घोट घेतला.

आता मी दर रविवारी जाते. कडेचं सुंभ अजून आहे, पण मधे गवत वर येतं. सूर्याचा कोयता घेऊन मी एका टोकापासून ते कापत येते. खुर्चीपाशी पोचले की थांबते. मग तात्या उठतात, खुर्ची उचलतात आणि बाजूला होतात. एका क्षणाचं काम असतं ते.