वडूजची मोटार

हवालदार टोपी काढून काखेत धरायचे, टाचा जुळवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. जिथं असतील तिथं. एकदा साताऱ्याच्या भर बाजारात, भाजीच्या पाट्यांमधल्या बोळात असे उभे राहिले, तेव्हा मागचा टांगेवाला ओरडून ओरडून थकला. मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले, टोपी चढवली आणि म्हणाले, "चला मास्तर. हुकूम आला."

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा! मीही तेच म्हणत होतो. मी मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचो. हवालदार त्याच शाळेत ड्रिल घ्यायचे. पहिल्या महायुद्धाच्या लढाईत पायाला गोळी लागली, बसऱ्याच्या दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांना ख्रिस्ताची ओळख झाली आणि परत आल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून देव म्हणजे त्यांचा साहेब. साहेबाची इच्छा विचारल्याशिवाय हा माणूस मोठं काही करत नसे.

मी त्यांना फार चिडवायचो. एकदा हॉटेलात बसल्यावर म्हटलं, भजी खायची की नाही तेही विचारून घ्या. ते शांतपणे म्हणाले, भज्याचं माझं मला कळतंय, त्याच्यासाठी सायबाला कशाला तरास? मग मी नेटानं विचारलं, की हा हुकूम येतो तरी कसा?

"आवाज-बिवाज काय न्हाई, मास्तर. मला जे करायला जिवावर येतंय, बहुतेक तेच निघतंय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा त्यांनी एका पोराला दुसऱ्याच्या खोडीसाठी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. संध्याकाळी खरा प्रकार कळला. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा रांगेत उभी असताना हवालदारांनी त्या पोराची माफी मागितली आणि लंगडत लंगडत स्वतः पाच फेऱ्या मारल्या. आम्ही मास्तर मंडळी व्हरांड्यात हसत होतो. तिसऱ्या फेरीनंतर कुणी हसेना. त्या दिवशी मी वर्गात कुणावर हात उगारला नाही, एवढं आठवतं.

एक हुकूम मात्र हवालदार सहा वर्षं टाळत होते.

आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. मेजावर भाकर आणि द्राक्षरस ठेवलेला, आणि एकेकानं पुढं जाऊन घ्यायचा. ती वेळ आली की हवालदार शेवटच्या बाकावरून उठून बाहेर जायचे आणि चपलांच्या राशीजवळ उभे राहायचे. आम्हाला वाटे, पहारा करतात. नव्या पाद्रीसाहेबांनी खोदून विचारलं तेव्हा कुठं उलगडा झाला. भावाशी बिनसलं असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मग मेजाकडे यायचं, ही आमच्यातली शिकवण. ती सगळ्यांना पाठ असते आणि सगळे खुशाल भाकर घेतात. हवालदार घेत नसत.

त्यांचे थोरले भाऊ वडूजला शेती करत. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी हवालदारांचा ताट-तांब्या वेगळा केला होता. तेही हवालदारांनी सोसलं. पण आई वारली तेव्हा भावानं निरोपसुद्धा धाडला नाही, आणि ते त्यांच्या मनातून जाईना. पाद्रीसाहेबांना ते इतकंच म्हणाले, "समदं करीन, सायेब. पण वडूजची मोटार मला गावत न्हाई."

साताऱ्याहून वडूजला रोज सर्व्हिस मोटार सुटत होती.

मग दुसरी लढाई आली. एके सकाळी ड्रिलच्या वेळी कुणीतरी बातमी आणली, की वडूजच्या भावाचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशात पडला. हवालदारांनी टोपी काढली. पोरं सावधानमध्ये उभी, हे डोळे मिटून उभे. नेहमीचं मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली. पोरांचे पाय लटपटायला लागले तेव्हा मीच सगळ्यांना बसायला सांगितलं. शेवटी ते माझ्याकडे आले. चेहरा घामानं भिजलेला. म्हणाले, "तुमी संगं चला, मास्तर. एकट्याला जमायचं न्हाई."

पेट्रोलची टंचाई होती. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढ आला की हटून बसे आणि आम्ही उतरून ढकलत असू. वाटेत मी आपला उगाच पिकापाण्याचं बडबडत होतो.

भाऊ सोप्यात बसले होते. उठले नाहीत. बसूनच म्हणाले, "आई गेली तवा कुठं हुतास?"

माझ्याच ओठांवर आलं होतं, की तुम्ही निरोप धाडलात कुठं? हवालदारांनी टाचा जुळवल्या.

"निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला हुता, दादा. मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तू धाडला न्हाईस म्हणून मी रागानं आलो न्हाई. चुकलं माजं."

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. भाऊ मग म्हणाले, "मी बी धाडाय पायजे हुता." आणि आत सुनेला हाक मारून ताट आणायला सांगितलं. तिनं विचारलं, किती? भाऊ म्हणाले, दोन. एक मास्तरांना, एक आमा दोघांस्नी.

पुढच्या प्रभुभोजनाला हवालदार मेजाशी गेले. त्यांना भाकर घेताना बघता बघता माझा सूर चुकला, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

महिन्याभरात त्यांनी शाळा सोडली. भावाच्या शेतावर कामाला माणूस उरला नव्हता. मोटारीशी पोचवायला गेलो तेव्हा मी चिडलोच. तिकडं ना चर्च, ना पाद्री. सहा वर्षं थांबून आता कुठं मेजाशी आलात आणि निघालात? ते हसले आणि म्हणाले, "मला बी ऱ्हायाचं हुतं, मास्तर. म्हनूनच सायबाला विचारलं." मला त्यांचा फार राग आला होता आणि त्यांच्यासारखं होता येत नाही म्हणून स्वतःचाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रविवारी उपासना चालू होती, मेज मांडलेलं होतं. दारात धोतर-पागोट्यातला एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगभर मोटारीची धूळ. आत यावं की न यावं, त्याला कळेना. मी हवालदारांच्या थोरल्या भावाला ओळखलं आणि पेटी थांबवली.

"माजा भाऊ पहाटं गेला," ते म्हणाले. "तुमच्या रितीनं माती द्यायची म्हणून ठेवलाय. निरोप दुसऱ्या कुनाच्या हाती द्यायचा न्हवता. म्हनून मीच आलो."

पाद्रीसाहेबांनी मेजावरच्या भाकरीवर कापड घातलं. आम्ही सगळेच्या सगळे उठलो आणि त्यांच्या मागोमाग मोटारीकडे निघालो.