आत्याचा सातचा मिस्ड कॉल

आमच्या घराण्याच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी होतो. हे पद मला कुणी दिलं नव्हतं. मुलीने स्मार्टफोन हातात ठेवला, ग्रुप बनवून दिला आणि ती पुण्याला शिकायला निघून गेली. गादी रिकामी दिसली, मी बसलो.

बसायचा हक्क होताच म्हणा. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, आणि नोकरी तळोज्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. लॅब म्हटलं की आमच्या माणसांना रक्त आणि लघवी याशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी दिवसभर भिंतीच्या रंगाचा घट्टपणा मोजायचो. ही गोष्ट मी लपवली नाही, पण कुणी विचारलीही नाही, आणि न विचारता सांगायची माझी सवय नाही.

सकाळी सहाला चहा गॅसवर आणि अंगठा फोनवर. उपाशीपोटी लसूण, तांब्यातलं पाणी, कलिंगडाच्या बिया, जे येईल ते मी पुढे ढकलायचो. बायको विचारायची, पाठवण्याआधी निदान वाचता तरी का? मी म्हणायचो, वाचत बसलो तर कुणाच्या तरी तब्येतीचा खोळंबा होईल.

त्यातच एक भेंडीचा मेसेज होता. दोन भेंड्या चिरून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी ते पाणी प्यायचं, जन्माची साखर जाते. वर गुलाबाचं फूल, खाली जोडलेले हात आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ मी पाठवला. अकरा जणांनी अंगठे दाखवले. दोन दिवसांनी पनवेलच्या आमच्या डॉक्टरांना मी मोठ्या ऐटीत हे ज्ञान ऐकवलं. ते म्हणाले, भेंडी खा, पाणी प्या, काय वाटेल ते करा, पण साखरेची गोळी बंद करायची नाही. घरी येऊन मी ते सगळं प्रामाणिकपणे टाइप करून ग्रुपवर टाकलं. एकही अंगठा आला नाही. माझ्या मते माझं कर्तव्य संपलं.

आता आत्या. वडिलांची धाकटी बहीण, पळस्प्याच्या पुढच्या गावात राहणारी. साखर जुनी, जीभ त्याहून जुनी. तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि त्याचा तिने एकच उपयोग ठेवला होता, मिस्ड कॉल. एक वाजला तर पोचले, दोन वाजले तर तू फोन कर, तीन वाजले तर भांडण आहे. ती ग्रुपवर नव्हती, त्यामुळे माझ्या आरोग्यसेवेपासून ती सुरक्षित आहे असं मी धरून चाललो होतो.

एकदा पनवेलमध्ये नात्यातली हळद होती आणि आत्या आली नाही. हळद चुकवणारी ही बाई नव्हे. म्हणून त्या रविवारी आम्ही नवरा-बायको गावी गेलो. आत्या मागच्या पडवीत बसली होती, एक पाय पाटावर, अंगठ्याला फडकं. महिन्याभरापूर्वी दगड लागला होता आणि जखम सुकत नव्हती. मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना?

“गोळ्या कवाच सोडल्या,” आत्या अभिमानाने म्हणाली. “तुजंच भेंडीचं पाणी चाललंय. तीन महिने झाले.”

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेचं भाषांतर मी इथे करत नाही.

झालं होतं ते असं. दुपारी पडवीत बायका मोड आलेले वाल सोलायला बसत. आत्याची सून, म्हणजे आमची वहिनी, तिला वाल सोलायचा भयंकर कंटाळा. म्हणून ती फोन घेऊन बसायची आणि मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची. वाचणाऱ्या माणसाला कुणी सोल म्हणत नाही. माझ्या ग्रुपवर चाळीसेक माणसं होती, पण त्या पडवीत बसून ऐकणाऱ्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. त्यांना अंगठा दाखवता येत नव्हता. त्या ऐकायच्या आणि सरळ भेंडी चिरायला घ्यायच्या. आणि वहिनी प्रत्येक मेसेजच्या आधी सांगायची, हा पनवेलच्या भावोजींचा हाय, लॅबवाल्यांचा.

“आणि नंतरचा? गोळी बंद करू नका म्हणून लिहिलेला?” मी वहिनीला विचारलं.

“तो लांब होता भावोजी,” वहिनी म्हणाली. “आणि वाल संपले व्हते.”

दुसऱ्या दिवशी आत्याला पनवेलला डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी साखर तपासली, जखम धुतली, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेतलं. साखर खाली आली तर अंगठा राहील, नाही आली तर मी शब्द देत नाही, असं ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, तुमचे पेशंट माझ्यापेक्षा जास्त दिसतात.

रिक्षात आत्याने गोळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. डॉक्टर गोळ्याच देणार, त्यात नवल काय, असं तिचं म्हणणं. “तूच लिवलंस ना, डॉक्टर सांगणार नाय म्हणून? मंग? सांगितलं का त्यांनी भेंडीचं?”

त्या एका ओळीने मी डॉक्टरांचं तोंड आधीच बांधून ठेवलं होतं. ते जितकं समजावतील तितका माझा मेसेज खरा ठरणार.

वहिनीचे फोन यायला लागले. गोळ्या फ्रिजवर पडून आहेत, पाणी चालू आहे, अंगठा काळसर दिसतो. मी शक्कल लढवली. डॉक्टरांचं म्हणणं तीन ओळींत बसवलं, वर गुलाब ठेवला, खाली हात जोडले आणि ग्रुपवर सोडलं. वहिनीने वाल सुरू असतानाच वाचून दाखवलं. आत्याने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, हा त्याचा नाय, त्याचा फोन कुणीतरी चोरलाय.

बायको म्हणाली, आता एकच उपाय आहे, आणि तो तुम्हाला जमणार नाही. काय ते तिने सांगितलं नाही. मला कळलं होतं.

गुरुवारी रजा टाकली आणि आम्ही दोघं पुन्हा गावी गेलो. पडवीत पाच-सहा बायका होत्या. मी मांडी घालून बसलो आणि वाल सोलायला घेतले. दहा मिनिटांत बोटं चिकट झाली आणि जीभ थोडी सैल झाली.

“आत्या, तो भेंडीचा मेसेज मी लिहिला नव्हता.”

“मंग कोणी लिवला?”

“माहीत नाही.”

“पण तू वाचलास ना?”

हातातला वाल सालातून निसटून लांब जाऊन पडला. “नाही. गुलाब बघितला आणि पुढे पाठवला.”

सगळ्यांचे हात थांबले. वहिनीने फोन हळूच पदराखाली घेतला.

“आणि लॅबात काय करतोस रं तू?” आत्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

“रंग तपासतो. भिंतीचा.”

“म्हंजे तीन महिने मी पेंटरचं औषध घेतलं,” आत्या म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन जी हसायला लागली, ती थांबेचना. बायका हसल्या. माझी बायको सगळ्यात जास्त हसली, तिचं बऱ्याच वर्षांचं साठलेलं होतं.

हसून झाल्यावर आत्याने फ्रिजवरची पिशवी मागवली, एक गोळी घेतली आणि अट घातली.

“उद्यापासून भेंडीचं पाणी तू प्यायचं. मी तीन महिने प्याले, तू पण तीन महिने. सकाळी सातला मी गोळी घेतली की एक मिस्ड कॉल. तू पाणी प्यालास की उलटा एक. तुजा नाय आला, तर दुसऱ्या दिवशी माजी गोळी नाय.”

मी कबूल झालो. कबूल होताना मी भेंडीचं पाणी कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या पाण्याचा एक गुण असा की ग्लास तिरका केला तरी ते घाई करत नाही. मग एकदम सगळं येतं. सात वाजता फोन वाजायचा, मी नाक धरून ग्लास संपवायचो आणि उलटा मिस्ड कॉल द्यायचो. बायको समोर बसून चहा प्यायची, जरा जास्तच आवाज करत. दर आठवड्याला आत्या ड्रेसिंगला यायची. डॉक्टर म्हणायचे, काळेपणा कमी होतोय. मग म्हणाले, खालून गुलाबी दिसतंय. साखर उतरत होती.

तिची उतरायला लागली तशी माझी निष्ठाही उतरली. दुसऱ्या महिन्यात कधीतरी मी ग्लास घेऊन गॅलरीत जाऊ लागलो. तिथे कढीपत्त्याची कुंडी होती. मिस्ड कॉल मात्र मी एकदाही चुकवला नाही. तिची गोळी महत्त्वाची, असं मी स्वतःला समजावत असे आणि हे म्हणणं मला पटतही असे.

एका सकाळी सातला फोन वाजून बंद झाला. मी गॅलरीत जाऊन कढीपत्त्याला त्याचा डोस दिला, रिकामा ग्लास ओट्यावर ठेवला आणि आत्याला उलटा मिस्ड कॉल लावला.

रिंग आमच्या जिन्यात वाजली.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी दार उघडलं तर वहिनी धापा टाकत कठड्याला टेकलेली आणि तिच्यापुढे आत्या, उभी, हातात वाजणारा फोन. माझी नजर आधी तिच्या पायाकडे गेली. चपलेत अंगठा उघडा होता. फडकं नाही, पट्टी नाही. नवी कातडी फिकट, नख अजून पुरतं आलेलं नव्हतं, पण अंगठा जागच्या जागी होता.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. आत्या मला बाजूला सारून थेट गॅलरीत गेली. तिला कुंडी कुठे आहे हे विचारावंही लागलं नाही. बायको आणि वहिनी एकमेकींकडे मुळीच बघत नव्हत्या. कुंडीवर माझा ग्लास तिरका झालेला फोटो गेल्या आठवड्यातच पडवीत पोचला होता, हे मला पुढे कळलं. पहिल्यांदाच आमच्या घरातून पडवीत एक खरी बातमी गेली होती.

आत्याने कुंडीतली ओली माती बोटाने दाबून पाहिली.

“याची साखर उतरली का?”

तिने सांगितलं की गोळी घेऊनच निघाले, ती काय तुज्यासाठी घेत नाय, पायासाठी घेते. मग खुर्चीत बसली आणि पाय ऐसपैस पसरला. बायकोने आतून दुसरा ग्लास आणला. आदल्या दिवशीच भेंडी भिजवून ठेवलेला, काठोकाठ. आत्याला बिनसाखरेचा चहा दिला.

मी प्यायला लागलो. पाण्याने नेहमीप्रमाणे घाई केली नाही. ग्लास पुरता रिकामा होईपर्यंत आत्याने माझ्यावरची नजर हलवली नाही. मग तिने स्वतःचा फोन टेबलावर, आम्हा दोघांच्या मधोमध ठेवला.

“आता दे,” ती म्हणाली.

मी मिस्ड कॉल दिला. एक रिंग वाजू दिली, आणि तिने समाधानाने मान हलवून चहाचा कप उचलला.