मॅडमनी मलाच विचारलं

आमच्या यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात बाहेरून एक मॅडम एकाच दिवसासाठी शिकवायला आल्या होत्या. सराव पुतळ्यावर होता आणि पेशंटचा आवाज त्या पडद्याआडून काढत होत्या. "दम कोंडून राह्यला वो सिस्टर!" त्या ओरडल्या, आणि मी ऑक्सिजन लावायचं सोडून नुसती उभी राहिले. पोरी हसल्या. आता नापास, असं वाटलं.

मॅडम चष्मा पुसत बाहेर आल्या. "तू घाबरली हे मले फटीतून दिसत होतं, तरी मी ओरडतच राह्यले. काहून केलं असन मी असं?"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. शिक्षकांच्या अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं का, हेच कळेना.

"आमाले भेव दाखवाले, मॅडम?"

त्यांनी चष्मा चढवला. "बहुतेक हो," म्हणत पुन्हा पडद्याआड गेल्या. या वेळी आवाज हळू आला आणि माझे हात चालले. त्यांना माझं उत्तर खरंच हवं होतं का, हे मला अजूनही कळलेलं नाही.