सूचनांमधून काढलेली एक ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, अख्ख्या चिंचवडला सांगत सुटेल!

चाकणच्या एका कंपनीत मी कामाला आहे. टेम्पोचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या पोलादी स्प्रिंगा, किती धक्क्यांनी तुटतील, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडते. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मी सगळ्यांना खुला करून दिला. सोबत सूचना लिहिल्या, आणि वर ऐटीत एक वाक्य — असं करा, कुठल्याही कॉम्प्युटरवर हेच उत्तर येईल, कुणाला विचारायची गरज नाही. काय तो रुबाब!

आणि खरंच कुणी विचारेना. फोन नाही, ‘मॅडम, जरा येता का’ नाही. मला मेलीला करमेना! हसताय? हसा, मलाही हसू येतं.

मग मी एक ओळ काढून टाकली. प्रोग्रॅमसोबत लागणाऱ्या एका सॉफ्टवेअर पॅकेजचं जुनंच व्हर्जन टाका, नव्या व्हर्जनने उत्तर चुकतं — एवढीच ओळ. झालं, फोन सुरू! मी जायची, जुनं व्हर्जन टाकायची, उत्तर जुळायचं, वर गरमागरम वडापाव. नुसती चंगळ.

प्राजक्ताने मात्र फोन केला नाही. देहूरोडची पोर, शिफ्टमध्ये पाटे तपासायची. तिला आमच्या विभागात यायचं होतं. आमच्या साहेबांची अट साधी होती — महिन्याभरात मॅडमचं उत्तर स्वतः काढून दाखव. तिने माझ्या सूचना वाचल्या आणि — काय सांगू — त्यांच्यावर विश्वास ठेवला. विचारायची गरज नाही असं लिहिलंय ना? मग नाही विचारलं. रोज शिफ्ट संपवून बसायची. उत्तर काही जुळलं नाही. साहेब म्हणाले, राहू दे आता. मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायला असा किती वेळ लागतो? नाही बोलले. नंतर गुपचूप ती ओळ परत घातली. लाज वाटली, आजही वाटते.

परवा कॅन्टीनमध्ये ती शेजारी येऊन बसली. अजून शिफ्टमध्येच आहे, तशीच खळखळून हसते. नव्या मुलींना म्हणाली, ‘ताईंचं काम लई भारी! मी पण करून बघितलं होतं, पण आपल्याला तेवढं डोकं नाय ना राव.’ सगळ्या हसल्या. मीही हसले.

डोकं होतं तिला. मी लिहिलेलं तिने शब्दन् शब्द बरोबर केलं होतं.